नाशिकच्या कॉलेज रोडचा स्पीड रीडिंगचा क्लास : सात हजार गेले, पेन्सिल राहिली

गेल्या महिन्याभरात तीन-चार जणींनी विचारलं की तू त्या फास्ट वाचायच्या क्लासला गेली होतीस ना, कसा आहे, पोराला घालू का. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. क्लासचं नाव लिहीत नाही, मॅडम माणूस म्हणून चांगल्या आहेत आणि तसेही हे क्लास सगळे एकाच साच्यातले, बोर्ड तेवढा वेगळा. फी ७,००० रुपये, मटेरियलचे ५०० वेगळे (ते पैसे भरल्यावर कळतं), आठ रविवार सकाळी साडेसात ते साडेनऊ, दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली पार्किंगची बोंब. माझ्याकडून ५ पैकी २ स्टार.

मी वकिलाकडे ज्युनियर आहे, जमिनीची कामं. दिवसभर सातबारे, फेरफार, जुनी खरेदीखतं, तीस-तीस वर्षांचा सर्च (जमीन आधी कोणाकोणाच्या नावावर होती ते शोधणं), आणि ते कागद म्हणजे वाक्य कुठे सुरू झालं ते संपेपर्यंत विसरायला होतं. आमचे सर फाइल हातात घेतात, चार पानं मागे, दोन पुढे, कपातला चहा संपायच्या आत म्हणतात, "अगं, याच्या बहिणींचं हक्कसोड कुठंय?" (म्हणजे बहिणींनी आपला हिस्सा सोडल्याचा कागद), आणि मी तीच फाइल दुपारभर वाचत बसलेली असते आणि मला बहिणी आहेत हेच दिसलेलं नसतं. तेव्हा मला वाटलं आपला स्पीडच कमी आहे, आणि नेमकी त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिरात आली, एका तासात अख्खं पुस्तक, नव्वद टक्के लक्षात. झालं, भरले पैसे.

पहिल्या रविवारी आम्ही वीस-बावीस जण. निम्मी शाळेतली पोरं आणि त्यांना सोडायला आलेले आईबाप, पाच-सहा एमपीएससीवाले, एक सीए करणारी मुलगी, आणि मी. भिंतीवर विवेकानंदांचा फोटो, त्याखाली इंग्रजीत काहीतरी मेंदूचं. मॅडमनी सुरुवातच केली की आपण मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो. हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतेय आणि ते खोटं आहे, मेंदूचा नव्वद टक्के भाग नुसता पडून असतो असं कुठल्याही डॉक्टरला विचारा, हसेल. मग एव्हलिन वुडचा इतिहास, १९५९ मध्ये अमेरिकेत या बाईंनी अशा वाचनाचे कोर्स सुरू केले, पुढे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरनी पण तो केला वगैरे. तो भाग खराय. आपल्याकडचे सगळे क्लास त्याच बाईंचे नातू-पणतू आहेत असं म्हटलं तरी चालेल, बोट फिरवून वाचणं वगैरे तिकडूनच आलंय.

मग टेस्ट. मोबाइलवर एक मिनिट लावून वाचायचं, मग दहा प्रश्न. उतारा होता चलनवाढीवर, बारीक टायपात झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरांचे पाय तुटलेले. माझा स्पीड आला मिनिटाला १५८ शब्द आणि दहापैकी पाच बरोबर. मॅडमनी लाल पेनने गोल करून लिहिलं. मला एवढं वाईट वाटलं ना, दहावीला गणितात पण एवढं वाटलं नव्हतं.

आठव्या रविवारी शेवटची टेस्ट. स्पीड ६४०! दहापैकी आठ! टाळ्या, सर्टिफिकेट, फोटो, क्लासच्या ग्रुपवर माझं नाव. मी हवेतच घरी आले. आता तो उतारा कशावर होता सांगू? गोदावरीवर. प्रश्न काय, तर गोदावरीचा उगम कुठे होतो, कुंभमेळा किती वर्षांनी भरतो, नदी कुठल्या समुद्राला मिळते. नाशिकमध्ये! म्हणजे रामकुंडावर भेळ खाणाऱ्या कुठल्याही माणसाला उभा करून विचारा.

घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. प्रश्नांचा कागद माझ्याकडेच राहिला होता. सासूबाई ओट्यापाशी बसून मेथी निवडत होत्या, मी म्हटलं आई, दहा प्रश्न विचारते, चारातला एक पर्याय सांगायचा. त्यांनी उतारा बघितला पण नाही. ब्रह्मगिरी, बारा वर्षं, बंगालचा उपसागर, धडाधड. एका प्रश्नाला म्हणाल्या, "हे मला माहीत नाही पण सगळ्यात लांबलचक पर्याय आहे तोच बरोबर असणार," आणि तोच बरोबर होता. दहापैकी सात. उतारा न वाचता, मेथीची जुडी संपायच्या आत. मला आठ. म्हणजे सात हजार पाचशे रुपयांत मी सासूबाईंच्या पुढे एक मार्क.

ही गोष्ट मी हसत हसत सांगते पण यातच सगळी मेख आहे. पहिला उतारा अवघड आणि बारीक, शेवटचा सोपा आणि ठळक, आणि प्रश्न असे की न वाचता पण सुटतात. मग कोणाचाही ग्राफ वर जाईल. समजलं किती हे मोजायचं असेल तर आधी तेच प्रश्न उतारा न वाचलेल्याला सोडवायला द्यायला पाहिजेत, त्याला पडलेले मार्क वजा केले की तुम्हाला वाचनातून काय मिळालं ते कळेल. माझं निघालं एक.

मग मी जरा शोधाशोध केली (करायला उशीर झाला हे मान्य). आपल्याला वाटतं डोळा ओळीवरून सरळ घसरत जातो, पण तसं नसतं. तो उड्या मारतो, एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, परत उडी. उडीच्या वेळी काही वाचलं जात नाही, जे काही वाचलं जातं ते थांबलेल्या वेळात. आणि थांबल्यावर पण स्पष्ट दिसतात ती मधली थोडीच अक्षरं, कडेची अंधुक. हे एकोणिसाव्या शतकातच तिकडच्या डोळ्याच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. आणि इकडे आम्हाला तिसऱ्या रविवारी शिकवलं की नजर पसरवा, अख्खी ओळ एका दमात दिसेल, मग अख्खा परिच्छेद. त्यासाठी भिंतीवर आडवा आठ काढलेला, त्यावरून डोळे फिरवायचे दहा मिनिटं. माझं डोकं तेवढं दुखलं.

हे मी आमच्या सासऱ्यांना सांगितलं. ते नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेत, तपासणीत होते, शीटवरची छपाईची चूक शोधायची. ते म्हणाले, "नजर सरकतेय तोवर काही दिसत नाही गं, थांबली की दिसतं. आम्हाला शीट वेगाने बघायला लागायच्या पण थांबायच्या जागा ठरलेल्या असायच्या." हे वाक्य नंतर मला फार कामाला आलं, ते पुढे सांगते.

चौथ्या रविवारी मनातला आवाज बंद करणे. आपण वाचताना मनात शब्द उच्चारतो ना, तो म्हणे मोठा शत्रू. त्यासाठी वाचताना तोंडाने एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार म्हणत राहायचं. मी ऑफिसमधली एक खरेदीखताची नक्कल सोबत नेली होती, म्हटलं आपल्या कामाच्या कागदावरच करू. आता ज्यांनी खरेदीखत वाचलंय त्यांना माहितीये, विकणारा म्हणजे 'लिहून देणार' आणि घेणारा म्हणजे 'लिहून घेणार', आणि पानभर हेच दोघं, लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना, लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचेकडून. हे मनात न बोलता वाचून दाखवा! दोन ओळींत मला कळेना पैसे कोणी कोणाला दिले. शेजारी चौथीतला एक मुलगा बसायचा, तो माझ्याकडे बघून खुदुखुदु हसत होता कारण मी एक-दोन-तीन म्हणता म्हणता 'देणार-घेणार' म्हणायला लागले होते. संशोधन पण हेच सांगतं, सोपं काही असेल तर चालून जातं पण अवघड मजकुरात तो आतला आवाज दाबला की समजणं कमी होतं. तो शत्रू वगैरे काही नाही, त्याच्यावरच वाक्य तोलून धरलेलं असतं.

आणि मागे वळून वाचायचं नाही हा दुसरा नियम. वाचलेली ओळ कार्डाने झाकत जायची. त्यांचं एक ऍप पण होतं, स्क्रीनवर एकाच जागी एकेक शब्द टपाटप येतो, डोळा हलवायचाच नाही. बघायला भारी वाटतं, खरंच, पहिले दोन दिवस मी नवऱ्याला पण दाखवत होते. पण २०१४ मध्ये यावर प्रयोग झालेत, माणसाला मागे जाऊन बघायची सोयच काढून घेतली की समजण्यात मार बसतो. मागे जाणं हे बऱ्याचदा आळसाने होतं हे खरं, मन दुसरीकडे गेलेलं असतं, पण बऱ्याचदा ते 'एक मिनिट, काहीतरी चुकलं' म्हणून होतं. ते बंद करून कसं चालेल.

मला ते कसं कळलं सांगते. पाचव्या रविवारनंतरचा सोमवार. दिंडोरीकडची द्राक्षाची जमीन, घेणारी पार्टी संध्याकाळी बयाणा द्यायला निघालेली, सर म्हणाले सातबारा बघून घे पटकन. मी नवीन शिकलेलं सगळं वापरलं, ओळीखालून पेन्सिल झरझर, मागे वळायचं नाही, मिनिटात खाली ठेवला, "सर क्लिअर आहे." सरांनी उचलला, वरच्या भागात बोट ठेवलं आणि गप्प बसले. भोगवटादार वर्ग २. वर्ग २ म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही अशी जमीन. मी वाचलं होतं वर्ग १. म्हणजे खरं तर वाचलंच नव्हतं, आमच्याकडे येणारे बहुतेक सातबारे वर्ग १ चे असतात त्यामुळे डोक्याने परस्पर एक लिहून टाकला. त्या दिवशी कोणाचं नुकसान झालं नाही, बयाणा थांबला, पण सर ओरडले असते तर बरं झालं असतं, ते ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, "क्लासला जातेस ना?"

स्पीड वाढला की डोकं असंच करतं, गाळलेल्या जागा भरतं, आणि तुम्हाला वाटतं वाचलं. विषय ओळखीचा असेल तर भरलेलं बहुतेक वेळा बरोबर निघतं, त्यामुळे तर फसगत होते.

२०१६ मध्ये कीथ रेनर आणि सोबतच्या संशोधकांनी यावरचं तोवरचं सगळं संशोधन एकत्र करून मांडलं, त्याचं सार एवढंच की वेग आणि समज यांची देवाणघेवाण असते, दुप्पट-तिप्पट वेगाने वाचून तेवढंच समजेल असा शॉर्टकट सापडलेला नाही. इंग्रजी वाचणाऱ्या मोठ्या माणसांचा मनातल्या मनात वाचायचा सरासरी वेग पण काढलाय, २०१९ मध्ये १९० अभ्यासांवरून, कथा-कादंबरी सोडून इतर मजकुराला मिनिटाला साधारण २३८ शब्द. मग मिनिटाला हजार शब्द म्हणजे काय होतं तर चाळणं. आपल्या भाषेत याला किती छान वेगवेगळे शब्द आहेत बघा, नजर टाकली, डोळ्याखालून घातलं, चाळलं, वाचलं, पारायण केलं. आजीला विचारलं असतं पेपर वाचला का तर ती म्हणायची, "नाही गं, नुसता चाळला." तिला फरक माहीत होता. क्लासवाले चाळण्याला वाचणं म्हणतात आणि त्याचे सात हजार घेतात. चाळणं वाईट नाही हां, मी तर म्हणेन नीट चाळता येणं ही पण कला आहे, पण पाटी तशी लावा ना.

अजून एक गोष्ट जी मॅडमना विचारल्यावर त्यांनी 'गुड क्वेश्चन' म्हणून सोडून दिली. हे जे शब्द प्रति मिनिट आहे ते इंग्रजीचं माप. मराठीत 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा एक शब्द, इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतील. मग मराठी उताऱ्याला तोच तक्ता लावून, २५० च्या खाली म्हणजे स्लो रीडर, असं पोरांना सांगायचं? तो चौथीतला मुलगा स्वतःला स्लो समजायला लागला होता. त्याची आई मला जिन्यात म्हणाली, "ताई, याचा स्पीड वाढतच नाही." अहो, दहा वर्षांचा आहे, जोडाक्षरं नुकती बसतायत, त्याला गोष्टीची पुस्तकं द्या आणि शेजारी बसून मोठ्याने वाचून घ्या. लहान पोरांना या क्लासला घालू नका हे मी ठामपणे सांगते.

आता ते दोन स्टार. एक पेन्सिलीला. ओळीखाली पेन्सिल धरून वाचणं ही साधी गोष्ट पण आमच्या कागदांच्या लांबच लांब ओळींना जबरदस्त उपयोगी, ओळ सुटत नाही, मन भरकटलं की पेन्सिल थांबते आणि आपलं आपल्याला कळतं. मी ती झरझर ओढत नाही आता, मजकुराच्या चालीने नेते. दुसरा स्टार त्या दोन तासांना. दारात एक प्लॅस्टिकचा डबा असायचा, सगळ्यांचे मोबाइल त्यात, वेळ लावायचा तेवढा मॅडमचा फोन बाहेर. दोन तास मोबाइलशिवाय वाचायला बसणं हे मी लग्नानंतर पहिल्यांदा केलं आणि मला वाटतं माझा जो काही थोडाफार वेग खरंच वाढला तो त्या डब्यामुळे. अर्धा स्टार अजून दिला असता, क्लास सुटल्यावर सीएवाली आणि मी मिसळ खायला जायचो त्याला, पण ती काय क्लासची नाही.

एमपीएससीवाल्यांसाठी वेगळं सांगते कारण पोरं पैसे साठवून येतात. पूर्वपरीक्षेच्या सीसॅटला (उतारे आणि बुद्धिमत्तेचा पेपर) दोन तासांत ८० प्रश्न, त्यातले निम्म्याहून जास्त उताऱ्यांवरचे, म्हणून वेग लागतो हे बरोबर. पण तो पेपर आता क्वालिफाइंग आहे, ३३ टक्के पाहिजेत, आणि उलट चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, म्हणजे न समजता पळण्यात तोटाच. जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या साइटवर फुकट मिळतात. घड्याळ लावून त्या सोडवा. आमच्यातल्या एकाने तिसऱ्या रविवारनंतर तेच केलं, क्लास सोडला, आम्ही सगळे त्याला वेडा म्हणत होतो. आता कळतं वेडं कोण होतं.

फी परत मागितली का असं नवऱ्याने विचारलं. मनी बॅक गॅरंटी आहे की! अट एवढीच की साठ दिवस रोज एक तास सराव, रोजच्या शीटवर घरच्यांची सही, एकही दिवस गाळायचा नाही. मी अकराव्या दिवशी गाळला, घरी सत्यनारायण होता.

शेवटी एकदा हिंमत करून सरांनाच विचारलं, तुम्ही एवढं फास्ट कसं वाचता. ते म्हणाले मी कुठे फास्ट वाचतो. मग शेजारी बसवून दाखवलं. आधी पक्षकार कोण आणि तारीख काय. मग थेट तो परिच्छेद जिथे लिहिलेलं असतं की देणाऱ्याकडे ही जमीन आली कशी, वडिलोपार्जित की खरेदीची. तिथे ते थांबतात, इतके थांबतात की माझ्यापेक्षा हळू वाचतात, ओठ हलतात त्यांचे! वडिलोपार्जित म्हटलं की लगेच वारस शोधायचे, बहिणी, आई. मग मागचं परिशिष्ट, चतुःसीमा (जमिनीच्या चार बाजूंना काय आहे ते). मग सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क', बँकेचा बोजा, कुळ, काही शेरा. मधला ठोकळेबाज मजकूर नुसता डोळ्याखालून. थांबायच्या जागा ठरलेल्या, सासरे म्हणाले होते तेच. आणि त्या जागा बावीस वर्षांच्या वकिलीतून आल्यात, आडव्या आठावर डोळे फिरवून आलेल्या नाहीत.

तेव्हापासून मी फाइल उघडायच्या आधी कोऱ्या कागदावर तीन प्रश्न लिहिते, मला यातून काय शोधायचंय. आणि वाचून झाल्यावर फाइल बंद करून, न बघता, काय कळलं ते पाच ओळीत लिहिते, मग पडताळते. हे लिहून काढायचं पण प्रयोगातून आलेलं आहे, २००६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर केला होता, पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढे, आणि आठवड्याने विचारलं तर एकदा वाचून आठवून लिहिणारे पुढे. शनिवारी दुपारी टिळक पथावर सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसते, १८४० सालची संस्था आहे, क्लासच्या फीपुढे तिथली वर्गणी म्हणजे काहीच नाही, आणि मुद्दाम जमिनीचं सोडून दुसरं काहीतरी वाचते. मोबाइल पिशवीत. तीन महिन्यांनी घरीच मोजलं, त्याच पुस्तकातली, त्याच टायपातली न वाचलेली पानं घेऊन, सुरुवातीला घरीच मोजलेल्या १६५ वरून २०५ वर आलेय. जाहिरात करण्यासारखं काही नाही. पण परवा एका फाइलीत हक्कसोडपत्रात चार बहिणी आणि वारस नोंदीत पाच, हे सरांच्या आधी मला दिसलं.

तरी कोणाला जायचंच असेल तर आधी फ्री डेमोला जा, आणि डेमोत टेस्ट घेतली की म्हणा, मॅडम, मला प्रश्न आधी द्या, उतारा नंतर. मी मैत्रिणीसोबत परत गेले होते तेव्हा मागून बघितले. नाही दिले.